सेल कुठं उतरणार?

कुणाच्याही घरी गेलं की तायडेकाका आधी भिंतीवरचं घड्याळ बघतात. वेळ बघायला नाही. वेळ त्यांच्याकडे भरपूर आहे. ते सेकंदाचा काटा बघतात. काटा टिकटिक करत पुढं सरकत असला तर उभ्याउभ्याच खुशाली विचारून निघतात. पण काटा एकाच जागी अडखळत, थरथरत असला, की खुर्ची ओढून नीट बसतात, टोपी काढून मांडीवर ठेवतात आणि म्हणतात, "चालले वाट्टे याचे सेल. टाकसान कुठी?"

हा प्रश्न त्यांनी लग्नघरात विचारलेला आहे, बारशालाही विचारलेला आहे. मागं आमच्या गल्लीतले एक म्हातारे वारले. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि तायडेकाका मुलाच्या कानाशी लागून म्हणाले, "बाबाच्या कानात मशीन होती ना. तिचे बारके सेल संबाळून ठेव बरं. कचऱ्यात जाऊ देऊ नको." मुलगा रडायचा थांबला आणि त्यांच्याकडे संशयानं बघायला लागला. आमच्या गावात तायडेकाकांकडे बघायची रीत हीच. तेही गावाकडे तसंच बघतात, त्यामुळे कुणाचं कुणावर देणं राहत नाही.

गाव वाशीमकडच्या मालेगाव तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण सरपंच माझं गिऱ्हाईक आहे. बस स्टँडसमोर माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. बल्ब, वायरी, रिमोट, सेल असला माल. शिरपूरच्या मंदिराला जाणारे यात्रेकरू गाडी बदलायला इथं उतरतात, त्यांच्यामुळे बरं चालतं. म्हणजे चालायचं. तायडेकाका रिटायर झाले आणि दुकानासमोरच्या बाकड्यावर येऊन बसायला लागले, तिथून माझी साडेसाती सुरू झाली.

गिऱ्हाईक म्हणायचं, "दोन पेन्सिल सेल द्या." मी बरणीत हात घालायच्या आत बाकड्यावरून आवाज यायचा, "जुने दाखवा." गिऱ्हाईक दचकायचं. कुणाला वाटायचं हा सरकारचा माणूस, कुणाला वाटायचं मीच ठेवलेला आहे. एकदा परगावच्या एका बाईनं घाबरून पर्स उघडली आणि त्यांना बसचं तिकीट दाखवलं. काकांनी ते सवयीनं उलटसुलट करून तपासलं आणि परत दिलं.

सवयीनं म्हणायचं कारण, ते एसटीत चेकर होते. किन्हीराजाचा रस्ता असो की वाशीमचा, कुठल्या तरी फाट्यावर बाभळीखाली उभे राहायचे आणि हात दाखवून गाडी थांबवायचे. खिशात तिकीट असलेल्या माणसालाही त्यांना बघून घाम फुटायचा. त्यांची नजरच तशी, की आपण तिकीट काढलं होतं हे आपल्यालाच खरं वाटेनासं व्हायचं. "चढलेला मानूस कुठी ना कुठी उतरतेच," ते सांगायचे. "तो सांगते तिथीच उतरते का, येवढंच पाहाचं असते." माणूस रिटायर झाला, पण संशय काही रिटायर होत नाही. तो नुसता रिकामा झाला आणि कामधंदा शोधत हिंडायला लागला.

तो कामधंदा त्याला घंटागाडीत सापडला. एका सकाळी काकांनी टॉर्चचे मेलेले सेल घंटागाडीत टाकले आणि जुन्या खोडीनं ड्रायव्हरला विचारलं, "हे कुठी उतरनार?"

"डेपोत," ड्रायव्हर म्हणाला.

गाणं वाजवत गाडी पुढं गेली आणि काका सायकलवर तिच्या मागं. गाडीला ओल्या कचऱ्याचा हिरवा डबा होता, सुक्याचा निळा होता, दोन्हींवर छान अक्षरात लिहिलेलं होतं. शाळेमागच्या नाल्याशी जाऊन दोन्ही डबे एकाच ढिगावर उलटे झाले. ड्रायव्हरनं काडी लावली आणि विडीही त्याच काडीवर पेटवली. थोड्या वेळानं ढिगातून सेल फुटल्याचे आवाज आले. काळा धूर निघाला, आणि त्या धुराच्या पलीकडे नाल्याच्या पाण्याला बकऱ्या तोंड लावून होत्या. काका बराच वेळ तिथं उभे राहिले. विनातिकीट माणसाला त्यांनी कधी सोडलं नव्हतं. इथं तर अख्खी गाडीच खोटं बोलत होती.

तेव्हापासून त्यांनी कुणाच्याही हातात काही दिलं नाही. भंगारवाल्याला देऊन बघू म्हणून त्याच्या दुकानात दिवसभर स्टूल टाकून बसले. त्यानं इन्व्हर्टरची जुनी बॅटरी उघडली आणि आतलं तेजाब मागच्या कडुनिंबाच्या बुडाशी ओतलं. "कुछ नहीं होता चच्चा," तो म्हणाला. काकांनी कडुनिंबाकडे बोट केलं. झाड अर्धं वाळलेलं होतं. मग तालुक्याच्या एका ऑफिसात सेलचा डबा घेऊन गेले. "ठेवून जा," तिथला बाबू म्हणाला. काही दिवसांनी काका बघायला गेले, तर डबा टेबलाखाली जिथल्या तिथं आणि बाबूचे दोन्ही पाय त्यावर आरामात ठेवलेले. काकांनी पाय उचलायला लावले आणि डबा परत आणला.

आता मेलेले सेल राहणार कुठं, तर काकांच्या घरी. त्यांनी घरोघर जाऊन ते गोळा करायला सुरुवात केली. नुसते सेल नाहीत. गेलेल्या ट्यूबा, फुटलेले थर्मामीटर, मोबाइलच्या फुगलेल्या बॅटऱ्या, फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या, तारीख उलटलेल्या गोळ्या. सदऱ्याच्या खिशात टॉर्चचा एक बल्ब आणि वायरीचा तुकडा असायचा. प्रत्येक सेलला वायर लावून बघायचे. बल्ब थोडा जरी पेटला तरी सेल मालकाच्या हातात परत. "जिता हाय. याचा स्टॉप आला नाई अजून. जित्याले मी नेत नसतो." तुम्ही शपथेवर सांगा की हा मेला आहे, ते मान डोलावणार आणि वायर लावूनच बघणार. माझ्या दुकानात नवी बरणी उघडली तरी त्यांनी तिच्यातला एक सेल लावून बघितलेला आहे. माझ्यावर तर त्यांचा खास राग. "चढवनारा तूच हायस," ते म्हणायचे. "तिकीट फाडलं म्हंजे कंडक्टरचं काम संपत नसते, दिनकर."

यात त्यांना खरी टक्कर दिली ती माझ्या आईनं.

माझे वडील आणि काका जुने दोस्त, त्यामुळे आई त्यांची वयनी. वडील गेल्यावर आईला सोबत उरली ती ट्रान्झिस्टरची. सकाळची भजनं आणि संध्याकाळच्या बातम्या ऐकल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नाही आणि मावळतही नाही. त्यात दोन मोठे सेल लागतात. मुलाचं सेलचं दुकान आहे, पण आई नवे सेल कधी मागत नाही. ट्रान्झिस्टरचा आवाज बसला की ती सेल काढते आणि गोठ्याच्या टिनाच्या पत्र्यावर उन्हात ठेवते. तिच्या माहेरी असंच करायचे. दिवसभर टिनावर तापले की संध्याकाळी ते सेल दोन भजनांपुरता जीव धरतात, हे मीही पाहिलेलं आहे. आईला एवढा पुरावा पुष्कळ आहे.

काकांनी टिनावरचे सेल रस्त्यावरूनच पाहिले.

"वयनी, सेल म्हंजे काय पापड हाय?"

"तुले काय मालूम? उन्हानं जान येते त्याच्यात."

"जान नाई येत, पानी सुटते. थे पानी टिनावरून खाली, कुंडीत. कुंडीतलं बकरी पेते, बकरीचं दूध तुमी."

"मंग आतालोक मेली काहून नाई मी?"

काका तिच्याकडे फाट्यावरच्या नजरेनं बघत राहिले. आईवर त्या नजरेचा परिणाम होत नाही. तिनं आयुष्यात एकदाही विनातिकीट प्रवास केलेला नाही आणि ते तिला पक्कं ठाऊक आहे.

पुढं आईनं सेल लपवायला सुरुवात केली. काका यायच्या वेळी टिन साफ. काका चहाचं निमित्त काढून बसायचे, आणि त्यांची नजर फडताळावरून, देवळीतून, उतरंडीवरून फिरायची. एकदा तुरीच्या डाळीचा डबा नेहमीच्या ठिकाणाहून हातभर सरकलेला होता. काका उठले, झाकण उघडलं, डाळीत हात घातला आणि दोन्ही सेल बाहेर काढले. आईनं ती डाळ मुकाट्यानं बाजूला काढली आणि त्यांच्यासाठी दुसऱ्यांदा चहा टाकला. पण ते गेल्यावर मला म्हणाली, "हा सेल नेते कायले सांग बरं मले? फुकट कोनी काई नेत नसते."

प्रश्न गावाचाही हाच होता. कुणी म्हणे सेलमधून चांदी काढून अकोल्याला विकतो. कुणी म्हणे बाटल्यांमधलं उरलेलं औषध एकत्र करतो, कशासाठी ते विचारू नका. मला खरं सांगायचं तर चांदीचं पटलं होतं. धंदेवाल्या माणसाला फुकट काम करणारा माणूस जेवढा संशयित वाटतो तेवढा चोरसुद्धा वाटत नाही. एक दिवस मी चारदोन मेलेले सेल खिशात टाकले आणि तेच पोचवायचं निमित्त करून त्यांच्या घरी गेलो.

काकांचं घर एकट्या माणसाचं. काकू ते नोकरीत असतानाच वारल्या, मुलगा पुण्याला. अंगणात जुना बकऱ्यांचा गोठा, त्याला कुलूप. त्यांनी आधी माझे सेल वायर लावून तपासले, मग कुलूप उघडलं. आत चांदी नव्हती. काचेच्या बरण्यांत कोरडी वाळू आणि वाळूत सेल, प्रत्येकाच्या टोकांना चिकटपट्टी. ट्यूबा वर्तमानपत्रात गुंडाळून कोपऱ्यात उभ्या. औषधाच्या बाटल्यांना खिळ्यानं भोकं पाडलेली, म्हणजे त्यात कुणी गोडंतेल भरू नये. सगळं इतकं नीटनेटकं, की मला माझ्या दुकानाची लाज वाटली.

"सगळे चढले," काका दारातच उभं राहून म्हणाले. "उतरत कोनीच नाई."

आणि मग एका दुपारी गोठ्यातून धूर निघाला. मोबाइलची एक फुगलेली बॅटरी तापून पेटली होती. वाळूमुळे बरणीबाहेर काही गेलं नाही, पण गाव गोळा झालं. शेजारी म्हणाले, आम्ही लेकराबाळांची माणसं, आम्हाला हा बॉम्ब नको. त्यांचंही चूक नव्हतं. सरपंचानं निकाल दिला. पुढच्या बाजारापर्यंत गोठा रिकामा करा, नाहीतर ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर येऊन सगळं घेऊन जाईल.

"कुठी नेसान?" काकांनी विचारलं.

सरपंच नाल्याकडे बघायचं टाळून म्हणाले, "डेपोत."

त्या दिवसापासून काका गोठ्याच्या दाराला खाट लावून बसले. बाकड्यावर येईनात. गिऱ्हाईक बिनबोभाट सेल घेऊन जायला लागलं आणि मला करमेनासं झालं. गंमत बघा, ज्या माणसाच्या कटकटीनं माझा धंदा बसत होता, त्याच्यासाठी मीच फोन फिरवायला लागलो. अकोल्याच्या ज्या व्यापाऱ्याकडून मी माल आणतो, त्यानं सांगितलं की असा माल रीतसर परवान्यानं गोळा करून त्यातला धातू वेगळा काढणारा एक कारखाना आहे, दुकानदारानं कळवलं तर गाडी येते. मी कळवलं. बाजाराच्या आदल्या दिवशी गाडी आली.

काकांनी आधी ड्रायव्हरला बाजूला घेऊन विचारलं, माल कुठं उतरणार. मग त्याच्या जोडीदाराला दुसऱ्या बाजूला घेऊन तोच प्रश्न विचारला. दोघांची उत्तरं जुळली. तेवढ्यानं काकांचा संशय उलट वाढला. "पाठ करून आले वाट्टे," ते मला म्हणाले. कागद पाहिले, शिक्का उन्हात धरून पाहिला. ड्रायव्हर औषधाच्या बाटल्या घ्यायला तयार होईना, तर गाडीपुढं उभे राहिले. "अर्दे प्रवासी रस्त्यात सोडता काय?" मग इकडंतिकडं फोन झाले आणि बाटल्यांसाठी वेगळी गोणी निघाली. सगळं चढल्यावर काका स्वतः केबिनमध्ये चढले आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले.

"तुमी कुठी काका?" ड्रायव्हरनं विचारलं.

"लास्ट स्टॉप," काका म्हणाले.

परतले ते धुळीनं भरलेले, चेहऱ्यावर झोप आणि समाधान दोन्ही. "उतरले," त्यांनी मला सांगितलं. "माह्या डोयांनी पाह्यलं. एकेक उतरला."

कारखान्यानं माझ्या दुकानाला एक लाल पेटी दिली. कुलूपबंद, वर फट. लोक येता-जाता सेल टाकायला लागले. पेटी भरली की गाडी येते. सरपंचांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढला. काकांनी एवढी वर्षं जे मागितलं ते सगळं झालं, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पोळा होऊन गेला तरी आभाळ हटत नव्हतं. आईची धुणी ओसरीतच लोंबत होती. अशाच एका सकाळी दुकान उघडताना मी समोरच्या घरापाशी काकांना पाहिलं. त्यांनी कडी वाजवली. घरच्या बाईनं दार अर्धंच उघडलं.

"पेटीत टाकले काका," ती म्हणाली. चांगल्या आवाजातच म्हणाली. आणि दार लोटलं.

काका बंद दारासमोर जरा वेळ उभे राहिले. मग पुढच्या घराकडे गेले नाहीत. स्टँडवर जाऊन बसले आणि येणाऱ्या गाड्यांमधून उतरणारी माणसं बघत राहिले.

मला तेव्हा कुठं उमगलं. चेकरला कुणी घरात बोलावत नाही. उभी नोकरी हा माणूस रस्त्यावर उभा राहिला आणि लोक त्याच्यापासून नजर चुकवत राहिले. रिटायर झाल्यावर त्याच्यासाठी गावातली दारं उघडली ती मेलेल्या सेलसाठी. लोक वैतागत का होईना, बसा म्हणत, चहा देत. ती दारं माझ्या पेटीनं बंद केली होती.

घरी जेवताना मी आईला हे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. हात धुतल्यावर म्हणाली, "त्याले बलाव. सेल संपले म्हनाव."

"कशाचे?"

"बलाव तं खरं."

काका आले. आईनं ट्रान्झिस्टर पुढ्यात घेतला. त्यातले सेल मीच तिच्या नकळत पोळ्याला बदलले होते, आणि त्याच सकाळी भजनांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला होता. आईनं मागचं झाकण उघडून दोन्ही सेल काढले आणि काकांपुढं धरले.

"घे. मेले."

काकांनी सेल हातात घेतले. त्यांचा हात सवयीनं सदऱ्याच्या खिशाकडे गेला, बल्बाच्या खिशाकडे. हात खिशापाशी थांबला. मग खाली आला. त्यांनी वायर लावून पाहिली नाही. सेल तसेच पिशवीत टाकले, चहा प्यायले, आईशी पावसापाण्याचं, पुण्याच्या नातवाचं बोलले आणि उशिरानं उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरात भजनं नव्हती. मी नवे सेल आणतो म्हणालो, तर आईनं नको म्हटलं. दुपारी काका दारात आले. ओसरीतल्या दोरीवर आईचं लुगडं आदल्या दिवसापासून ओलंच होतं. त्याच्याखालून वाकून ते आत आले आणि पिशवीतून ते दोन सेल काढून आईच्या हातावर ठेवले.

"वयनी, तुमचं बरोबर होतं. टिनावर ठेवले होते उन्हात. जान आली."

आईनं सेल आत घातले, झाकण लावलं, बटण फिरवलं. ट्रान्झिस्टर खणखणीत बोलायला लागला.

"मी तुले सांगत नव्हती?" आई म्हणाली.

"सांगत होत्या. मीच मानत नव्हतो."

दोघांच्याही चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मी दोघांकडे आळीपाळीनं बघत होतो. आयुष्यात कुणाचा शब्द तपासल्याशिवाय न घेतलेला तो माणूस इतकं सरळ खोटं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"आता थ्या घडीचे बी पाह्य बरं," आई भिंतीकडे बोट करून म्हणाली. "चालले वाट्टे."

काकांनी मान वर केली. सेकंदाचा काटा टिकटिक करत पुढं सरकत होता. काकांनी तो नीट, पुष्कळ वेळ पाहिला. मग खुर्ची ओढून बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हो वयनी," ते म्हणाले. "चालले वाट्टे."